सॅमनचा रोग आणि हक्सले

लंडनमधील एका प्रयोगशाळेत १८८२ साली एक विचित्र उद्योग चालला होता. नुकतीच मारलेली घरमाशी घ्यायची, रोगट सॅमनच्या कातडीवरील पांढुरक्या चट्ट्यावरून ती दोन-तीन वेळा हलकेच फिरवायची आणि पाण्याच्या भांड्यात सोडून द्यायची. दोन दिवसांत त्या घरमाशीच्या देहावर कापसाच्या तंतूंसारखे पांढरे लव उगवलेले दिसे. सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतू आणि सॅमनच्या अंगावरील तंतू यांत काडीचाही फरक आढळत नसे. हा उद्योग करणारे गृहस्थ पंचावन्नी ओलांडलेले होते. युरोप-अमेरिकेत त्यांच्या नावाचा दबदबा होता आणि त्या वेळी ते ब्रिटिश सरकारच्या पदरी मत्स्यव्यवसायाचे निरीक्षक म्हणून नोकरी करीत होते. त्यांचे नाव टॉमस हेन्री हक्सले.

हक्सले म्हटले की मराठी वाचकाला आठवतो तो डार्विनचा कडवा पाठीराखा, बिशपशी भर सभेत दोन हात करणारा वक्ता, किंवा कादंबरीकार आल्डस हक्सले यांचा आजोबा. माशांच्या रोगाशी त्यांनी मांडलेल्या झुंजीला त्यांच्या चरित्रांत फारशी जागा मिळत नाही. त्यांनी तेव्हा हाताळलेला प्रश्न मात्र आज जगभरच्या मत्स्यपालकांना रोज छळतो.

हक्सले यांचा जन्म ४ मे १८२५ रोजी लंडनच्या पश्चिमेकडील इलिंग या तेव्हाच्या खेड्यात झाला. वडील शाळेत गणित शिकवीत. पण शाळा डबघाईला आली आणि कुटुंब हलाखीत सापडले. त्यामुळे या भावी प्राध्यापकाच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षांचे शालेय शिक्षण आले. बाकीचे सारे, जर्मन भाषेसह, त्यांनी स्वतःच मिळविले. किशोरवयातच ते एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. लंडनच्या गोदी भागातील रॉदरहाइथची गरिबी, उपासमार आणि तिच्यासोबत येणारे रोग त्यांनी तेथे जवळून पाहिले. पुढे चेरिंग क्रॉस रुग्णालयात शिष्यवृत्ती मिळाली. विद्यार्थिदशेतच त्यांनी केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातील एक अज्ञात थर शोधून काढला. त्या थराला आजही त्यांचेच नाव आहे.

१८४६ मध्ये ते आरमारात साहाय्यक शल्यवैद्य झाले आणि रॅटलस्नेक या जहाजावरून ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीच्या किनाऱ्यांकडे निघाले. चार वर्षांच्या त्या सफरीत जेलीफिशसारख्या मऊ देहाच्या सागरी जीवांचा त्यांनी जो अभ्यास केला, त्याच्या बळावर १८५१ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सिडनीत भेटलेल्या हेन्रिएटा हीथॉर्नशी लग्न करण्यासाठी मात्र १८५५ पर्यंत थांबावे लागले, कारण कीर्ती होती, पण पगार नव्हता. १८५४ मध्ये लंडनच्या खाणकाम महाविद्यालयात नोकरी मिळाल्यावरच संसाराचा मार्ग मोकळा झाला.

१८६० हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी कोरले गेले. ३० जूनला ऑक्सफर्ड येथे बिशप विल्बरफोर्स यांच्याशी गाजलेला वाद झाला. त्या सभेत नेमके कोण काय बोलले याविषयीची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत, परंतु त्या दिवसापासून हक्सले हे नाव सर्वतोमुखी झाले. त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते तोच, सप्टेंबरात, त्यांचा थोरला मुलगा नोएल लोहितज्वराने गेला. मुलाला चार वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या आजाराचे कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते आणि त्यावर औषधही नव्हते. स्वतः वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या बापाला हताशपणे पाहत राहण्यापलीकडे काही करता आले नाही. पोराच्या दफनासाठी त्यांनी ईस्ट फिंचलीच्या दफनभूमीत छोटीशी जागा विकत घेतली.

साथीचे रोग कशाने होतात, या प्रश्नाकडे हक्सले पुढे वळले त्यामागे हे दुःख कितपत होते, हे सांगणे कठीण. पण १८७० मध्ये लिव्हरपूल येथे ब्रिटिश विज्ञान संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी विषय निवडला तो हाच. निर्जीवातून जीव आपोआप उपजतो की जीवातूनच जीव जन्मतो, हा त्या काळचा धगधगता वाद होता. हक्सले यांनी लुई पाश्चर यांची बाजू उचलून धरली आणि उदाहरण दिले ते रेशमाच्या किड्यांचे. फ्रान्समधील रेशीम उद्योग पेब्रिन नावाच्या रोगाने उद्ध्वस्त होत चालला होता. हा रोग सूक्ष्म परजीवीमुळे होतो, तो एका किड्याकडून दुसऱ्याकडे जातो आणि मादीच्या अंड्यांतूनही उतरतो, हे पाश्चर यांनी दाखविले होते. त्यावरचा उपायही साधा होता. अंडी घालून झालेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि तिच्यात रोगाचे कण दिसले तर तिची अंडी फेकून द्यायची. पाळलेल्या जीवांच्या रोगाला आवर घालायचा तर आधी रोगकारक ओळखला पाहिजे, हा धडा हक्सले यांनी त्या दिवशी श्रोत्यांसमोर ठेवला. बारा वर्षांनी तोच धडा गिरविण्याची पाळी त्यांच्यावरच आली.

सॅमन हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत चढतो. आपल्याकडील हिलशाची रीत काहीशी अशीच. नदीत शिरल्यावर तो खाणे सोडतो, नर एकमेकांशी झुंजतात, दगडधोंड्यांवर अंग खरचटते आणि विणीनंतर मासा अगदी थकून जातो. ब्रिटनमध्ये हा मासा म्हणजे जमीनदारांची शान आणि नदीकाठच्या कोळ्यांचे पोट. १८७७ मध्ये सॉल्वेच्या खाडीला मिळणाऱ्या एस्क आणि निथ या नद्यांत सॅमन मरू लागले. डोक्यावर, परांवर, जेथे खवले नसतात तेथे प्रथम राखाडी-पांढरा डाग पडे. डाग पसरत जाई, त्यावर कापसाची लव चढे, मासा सैरभैर होऊन दगडांवर अंग घाशी आणि शेवटी मरून तळाशी जाई. दोन-तीन वर्षांत रोग ईडन आणि ट्वीड या नद्यांत पोचला. मेलेले मासे हजारोंच्या संख्येने बाहेर काढावे लागले.

सरकारने चौकशी नेमली. फ्रँक बकलंड, स्पेन्सर वॉलपोल आणि आर्चिबाल्ड यंग यांनी नदीकाठाने साक्षी गोळा केल्या आणि १८८० मध्ये अहवाल दिला. साक्षीदारांनी सांगितलेली कारणे वाचताना आजच्या कोणत्याही गावातील मत्स्यतलावाच्या काठावर बसल्यासारखे वाटते. कोणी गिरण्यांच्या सांडपाण्याला दोष दिला, कोणी कमी पावसाला, कोणी कडाक्याच्या थंडीला. काहींचे म्हणणे असे की, संरक्षणाच्या कायद्यांमुळे नदीत माशांची गर्दीच फार झाली आहे. यातील एकही कारण वेडगळ नव्हते. सगळ्या नद्यांना लागू पडेल असे कारण मात्र त्यांत एकही नव्हते.

पांढरी लव कशाची, हे तोवर कळले होते. एडिंबरोचे ए. बी. स्टर्लिंग यांनी ती सॅप्रोलेग्निया नावाची पाणबुरशी असल्याचे ओळखले होते. ही बुरशी नवखी नव्हती. काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांना आणि उबवणकेंद्रात माशांची अंडी उबविणाऱ्यांना तिचा उपद्रव ठाऊक होता. घरातील गोल्डफिशच्या शेपटीवर हिवाळ्यात जो पांढरा पुंजका दिसतो, तोही बहुधा याच कुळातला. प्रश्न वेगळाच होता: बुरशीमुळे मासा आजारी पडतो, की आजारी माशावर बुरशी चढते?

बकलंड १८८० च्या डिसेंबरात वारले आणि जानेवारी १८८१ मध्ये त्यांच्या जागी हक्सले यांची नेमणूक झाली. पगार वर्षाला ७०० पौंड. प्राध्यापकी त्यांनी सोडली नाही. मोठ्या कुटुंबाचा भार होताच. मत्स्यव्यवसाय त्यांना नवा नव्हता. १८६० च्या दशकात हेरिंगच्या मासेमारीवर आणि समुद्री मत्स्यव्यवसायावर नेमलेल्या चौकशी आयोगांत त्यांनी काम केले होते. तरीही उत्क्रांतीवर जग गाजविणाऱ्या माणसाने बंधाऱ्यांत माशांसाठी वाट ठेवली आहे की नाही हे पाहत इंग्लंड-वेल्सच्या नद्या पालथ्या घालाव्यात, याचे अनेकांना नवल वाटले असेल. १८८२ मध्ये वॉलपोल दुसऱ्या पदावर गेल्यावर सारा भार एकट्या हक्सले यांच्यावर आला.

त्यांनी रोगाचा प्रश्न प्रयोगशाळेत आणला. घरमाशीचा तो प्रयोग वरवर पाहता पोरखेळ वाटतो. त्यातून सिद्ध झालेली गोष्ट मात्र मोलाची होती. मेलेल्या किड्यांवर सडत जगणारी ओढ्यातली बुरशी आणि जिवंत सॅमनला पोखरणारी बुरशी या दोन वेगळ्या जाती असतील, अशी शंका घेता येत होती. सॅमनवरची बुरशी घरमाशीवर सहज रुजली, तेव्हा त्या शंकेतला जोर गेला. दुसरे काम त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केले. रोगट कातडीचे पातळ काप घेऊन पाहिले, तेव्हा बुरशीचे तंतू नुसते पृष्ठभागावर पसरलेले नव्हते. बाहेरची त्वचा भेदून ते आतल्या थरात मुळांसारखे घुसले होते. बटाट्याच्या पिकावर पडणारा करपा जसा पानात शिरून रोप मारतो, तसाच हा प्रकार, अशी तुलना त्यांनी केली. आयर्लंडचा भीषण दुष्काळ तेव्हा लोकांच्या स्मरणातून गेलेला नव्हता. त्यामुळे ही तुलना सामान्य वाचकालाही कळली. रॉयल सोसायटीपुढे १८८२ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले.

त्यांतून निघणारा व्यवहार मात्र सुखद नव्हता. नदीत पडलेला प्रत्येक मेलेला किडा बुरशीचे घर होऊ शकत असेल, तर तिचे समूळ उच्चाटन कसे करणार? मेलेले आणि मरणपंथाला लागलेले सॅमन काढून टाकावेत, म्हणजे त्यांच्या अंगावरून सुटणारे असंख्य बीजाणू तरी कमी होतील. हाती येण्याजोगे होते ते एवढेच. वाहत्या नदीत औषध घालता येत नाही. हक्सले यांनी चमत्कारिक उपाय सांगण्याचा मोह टाळला, हे त्यांच्या लौकिकाला साजेसेच.

तरी मूळ प्रश्नाला त्यांचे उत्तर एका बाजूला झुकलेले होते. बुरशी हेच कारण, सांडपाणी किंवा गर्दी फार तर मदतनीस, असा त्यांचा कौल होता. रोग स्वच्छ नद्यांतही होता, हा त्यांच्या बाजूचा भक्कम पुरावा. परंतु तीच बुरशी त्या नद्यांत पिढ्यान्पिढ्या असताना १८७७ मध्येच कहर का झाला, याचा उलगडा त्यांच्या प्रयोगांतून होत नव्हता. जिवाणुशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. विषाणू तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. घरमाशी मेलेली होती आणि मेलेल्या देहाला प्रतिकारशक्ती नसते, ही त्या प्रयोगाची मर्यादा आज सहज नजरेत भरते. १८८२ मध्ये ती तितकी उघड नव्हती.

त्यांची दुसरी चूक अधिक गाजली. १८८३ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शनात त्यांनी कॉड, हेरिंग यांसारख्या माशांचे समुद्रातील मोठे साठे तत्कालीन मासेमारीच्या पद्धतींनी संपणारे नाहीत, असे मत दिले. हे मत पुढे शंभर वर्षे त्यांच्या माथी मारले गेले आणि १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडच्या कॉडची मासेमारी बंद करावी लागली तेव्हा त्याची हटकून आठवण निघाली. त्याच भाषणात त्यांनी सॅमनच्या नद्या आणि कालवांच्या खडकांचे साठे संपू शकतात, त्यांना संरक्षण हवे, असेही सांगितले होते; ते सहसा कोणी सांगत नाही. नदी त्यांनी पायी पाहिली होती.

याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. १८८४ मध्ये ब्रिटनची सागरी जीवशास्त्र संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. पण शरीर आणि मन दोन्ही थकत चालले होते. तरुणपणापासून त्यांना अधूनमधून गाठणारे औदासीन्य आता मुक्कामाला आले. त्यात कन्या मॅरियन, गुणी चित्रकार, मानसिक आजाराने खंगत होती. १८८७ मध्ये ती गेली. वैद्यांच्या सल्ल्याने ते १८८४ च्या शरद ऋतूत इटलीला गेले. तेथून परतल्यावर १८८५ मध्ये, साठाव्या वर्षी, त्यांनी निरीक्षकपद सोडले आणि इतर जबाबदाऱ्याही खाली ठेवल्या. अखेरची वर्षे ईस्टबोर्न येथे बागकामात आणि वादविवादात गेली. २९ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. ईस्ट फिंचलीच्या दफनभूमीत, नोएलसाठी घेतलेल्या त्या छोट्या जागेतच त्यांना ठेवण्यात आले.

सॅमनच्या रोगाची कहाणी तेथे संपली नाही. १९०३ मध्ये ग्लासगोचे जे. ह्यूम पॅटरसन यांनी या रोगाचे मूळ एका जिवाणूत आहे आणि बुरशी मागाहून येते, असा दावा केला. मग कित्येक वर्षे शांततेची गेली. १९६० च्या दशकात आयर्लंडमधून सुरू होऊन ब्रिटनभर सॅमनची तशीच साथ पसरली: डोक्यावर व्रण, नंतर पांढरी बुरशी, नंतर मृत्यू. अभ्यासकांनी जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा हक्सले यांच्या काळचा रोग हाच असावा, असे अनेकांचे मत झाले. व्रण आधी आणि बुरशी नंतर, हेही दिसून आले. मात्र तो व्रण कशाने होतो, याचे निश्चित उत्तर अजूनही मिळालेले नाही. पॅटरसन यांचा जिवाणूही कसोटीला उतरला नाही.

सॅप्रोलेग्निया ही खरी बुरशीच नव्हे, हेही पुढे कळले. तिचे नाते भूछत्रांपेक्षा तपकिरी शैवालांशी अधिक जवळचे आहे आणि बटाट्याचा करपा तिच्याच गणगोतातला. हक्सले यांनी केलेली तुलना त्यांना ठाऊक होती त्यापेक्षाही अचूक ठरली. याच गोतावळ्यातील आणखी एक सदस्य भारताला चांगलाच परिचित आहे. अफॅनोमायसिस नावाच्या या पाणबुरशीमुळे माशांच्या अंगावर खोल, लालभडक व्रण पडतात. १९७१ मध्ये जपानमध्ये प्रथम दिसलेला हा रोग १९८८ मध्ये बांगलादेशाच्या बाजूने ईशान्य भारतात शिरला आणि तळ्यांतून, भातखाचरांतून, नद्यांतून देशभर पसरला. मरळसारख्या माशांचे त्यात अतोनात नुकसान झाले. व्रण पाहून लोकांनी मासे खाणेच सोडले, त्यामुळे निरोगी माशांचाही भाव कोसळला. तळ्यात चुना टाकणे हा तेव्हाचा मुख्य उपाय. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने पुढे सिफॅक्स हे औषध तयार केले. येथेही तोच जुना प्रश्न उभा राहिला. थंडीत तापमान उतरले, पावसाने पाण्याची आम्लता बदलली, कातडीला इजा झाली, की रोग उफाळतो. मग दोष रोगजंतूचा म्हणायचा की पाण्याचा?

नदीत हा प्रश्न अभ्यासाचा राहतो. मत्स्यशेतीत तो पैशाचा होतो. हक्सले यांच्या काळी काहींनी जिला दोष दिला ती गर्दी नदीत अपवादाने होते. पिंजऱ्यात आणि टाकीत ती ठरवूनच केलेली असते. नॉर्वे, स्कॉटलंड, चिली येथील सॅमनच्या उद्योगात लाखो अंडी एकत्र उबवली जातात आणि सॅप्रोलेग्निया आजही तेथील मोठी डोकेदुखी आहे. १९३० च्या दशकापासून तिच्यावर मॅलॅकाइट ग्रीन हा हिरवा रंग रामबाण ठरला होता. परंतु तो आरोग्याला घातक असल्याचे दिसून आल्यावर खाण्याच्या माशांसाठी त्याचा वापर एकविसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात थांबला आणि बुरशीने पुन्हा डोके वर काढले. त्या तोडीचे दुसरे औषध हाती आलेले नाही. फॉर्मलिन, मीठ, ब्रोनोपॉल यांवर काम भागवले जाते.

त्यामुळे अनेक उबवणकेंद्रांत एक जुनेच काम अजून हातानेही केले जाते. सॅमनचे जिवंत अंडे नारिंगी आणि पारदर्शक असते. मेलेले अंडे दुधासारखे पांढरे होते. बुरशी प्रथम त्या मेलेल्या अंड्यावर रुजते आणि तेथून तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यांना विळखा घालतात. म्हणून कामगार ताटलीवर वाकून, चिमट्याने किंवा काचेच्या नळीने, पांढरे पडलेले एकेक अंडे वेचून बाहेर काढीत असतात.